चौथा कोपरा

गोळीबार चौकातला 'निपाने सावजी मसाले'
हा बोर्ड मी काढला तेव्हा
अक्षरामागे दोन रुपये घेत होतो.
काना-मात्रा फुकट.
हेमराजचा बाप म्हणे, डोमाजी,
मंग काने-मात्रेच जास्तीचे टाक ना.

पत्र्यावर लाल, लालला पिवळी सावली.
शेवटच्या 'ले'ची मात्रा जरा मागे कलली,
कारण शिडी हलली.
पुसायला गेलो तर म्हातारा म्हणे राहू दे,
तिखट खाल्ल्यावर मान अशीच मागे जाते.
उजवीकडे खाली, बोटभर जागेत,
डोमा आर्ट.

मग फ्लेक्स आलं.
मशीन एका रात्रीत अख्खा पुढारी छापते,
दातांसकट.
मी ब्रश रॉकेलात उभे केले.
पुढे रॉकेलही मिळेनासं झालं.

यंदा स्कुटीवरून एक पोरगी आली,
इंदोऱ्याची, श्रावस्ती मेश्राम.
उन्हाची ओढणी सोडली तेव्हा कळलं की हसते आहे.
हेमराजने तिला ब्रँड उभा करायला ठेवलेलं.
उभा? मी म्हटलं,
दुकान तर आजवर गादीवर बसूनच चाललं.

तिच्या आधीच्या कोणीतरी चिन्हात संत्रं काढलं होतं.
हेमराजची आई चष्मा वर करून पाहत राहिली.
आपण मसाल्यात संत्रं टाकतो काय बाप्पा?
संत्रं गेलं.
त्या जागी आला माझा 'ले'.
हीच ओळख आहे काका, पोरगी म्हणाली,
अशी मात्रा दुसऱ्या कोणाकडेच नाही.
मी शिडीचं बोललो नाही.

फोनमधलं चित्र गोल असतं.
माझा बोर्ड आडवा, आठ फुटी.
गोलात बसवताना चारही कोपरे गळाले,
त्यातल्या एकात मी होतो.

नंतर ऐकत गेलो.
आज अकरा हजार लोकांनी पाहिलं.
आज म्हातारीचा खलबत्त्याचा व्हिडिओ गाजला.
भोसरीच्या कोणी लिहिलं, भयंकर तिखट, एकच चांदणी.
घरात सुतक पडल्यासारखं झालं.
म्हातारीनं उत्तर सांगितलं, पोरीनं जसंच्या तसं लिहिलं:
'बेटा, पुढच्या खेपेस चमचा नाई, चिमूट.'
त्या दिवशी शंभर पुड्या जास्तीच्या गेल्या.

मे महिन्यात माझ्याकडे आले.
दारावरचा कोडचा स्टिकर उन्हानं वळून
पापडासारखा खाली पडत होता.
पोरगी म्हणे, काका, भिंतीवर ऑइल पेंटनं काढाल?
कागद दिला. पंचवीस घरं आडवी, पंचवीस उभी.
काळं की पांढरं, मधलं काही नाही.
पंचेचाळीस वर्षं मी वळणं काढली,
यात एकही वळण नव्हतं.

तीन दिवस. सकाळी सहा ते नऊ,
पुढे भिंतच हात लावू देत नाही.
सुताला चुना लावून रेषा मारल्या,
घरं मोजली, दोनदा चुकलो,
ठेलेवाला शंकरपट खेळत उभा राहिल्यासारखा
मागून ओरडायचा, काळं, काळं, आता पांढरं!
तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन.
चौथा कोपरा मोकळा नव्हता, पण मोठं तिथे काही नव्हतं.
तिथल्या एका काळ्या घरात
पांढऱ्यानं, दोन केसांच्या ब्रशनं,
मी 'डो' लिहिला.

पोरीनं फोन धरला. टिक.
उघडलं.
तिनं वाकून कोपरा पाहिला,
मग माझ्याकडे.
थोडं बिघडलं तरी चालतं याला, काका,
एवढंच म्हणाली.

हेमराज पाकीट काढून उभा.
किती झाले?
मी म्हटलं, अक्षर एकच आहे.
बाकी काना-मात्रा समज.
त्यानं काही न मोजता खिशात कोंबलं,
घरी पाहिले तर बरेच होते.

येता-जाता बघतो,
लोक भिंतीला फोन दाखवतात आणि
आत कुठेतरी जातात.
माझ्या फोनला बटणं आहेत.
आत काय आहे, मी अजून पाहिलेलं नाही.